एक बगळा, नऊ वेळा

हौसेला मोल नाही

एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, ‘भाचीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. मागं गर्द झाडी आणि तिच्यापुढून ओळीनं उडणारे नऊ पांढरेशुभ्र बगळे. कुणाचे पंख वर, कुणाचे खाली, कुणाचे सपाट पसरलेले. मी म्हटलं, केवढी छान रांग! तर भाची हसून म्हणाली, मावशी, रांग कसली, बगळा एकच आहे. असं कसं करतात? त्याला महागडा कॅमेरा लागतो का? आणि खरं सांगा, ही फसवणूक नाही का?’

तिन्ही प्रश्न नेमके आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरं वाटतात त्याहून सोपी आहेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र करणाराच्या हातात असतं, म्हणून ते आधी करून पाहू आणि मग बोलू.

युक्ती अशी आहे. कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा. पक्षी समोरून जात असताना पटापट आठ-दहा फोटो घ्यायचे. सगळ्या फोटोंत झाडी, आकाश, विजेची तार जागच्या जागी. बदलतो तो फक्त पक्षी. आता हे फोटो काचेवरच्या चित्रांसारखे एकावर एक ठेवलेत अशी कल्पना करा. भरतकामाचा छाप उतरवताना आपण खालचं चित्र वरच्या कागदातून पाहतो ना, तसंच. मागचं दृश्य एकच दिसेल आणि पक्षी मात्र जितके फोटो तितक्या ठिकाणी दिसेल. यालाच आपण जोडचित्र म्हणू.

तुम्हाला वाटेल, हे कॉम्प्युटरचं नवं खूळ आहे. तसं मुळीच नाही. एत्येन-ज्यूल मारे नावाचे एक फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होते. पक्षी पंख नेमके कसे हलवतो, हे डोळ्यांना काही केल्या दिसत नाही, म्हणून १८८२ साली त्यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. खांद्याला लावायचा, पक्ष्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. गोळीऐवजी सेकंदाला बारा फोटो निघायचे! पुढं त्यांनी काळ्या पार्श्वभूमीपुढून पांढरे पक्षी उडू दिले आणि एकाच काचेवर अनेक छबी उमटवल्या. काळ्या भागाची काचेवर छाप पडत नाही, पांढऱ्याची पडते. त्यामुळं कात्री न लावता, गोंद न लावता चित्र आपोआप जुळून आलं. ही ‘काळ्यावर पांढरं’ची गोष्ट लक्षात ठेवा. सव्वाशेहून अधिक वर्षांनीही आपलं सगळं काम तिच्यावरच चालणार आहे.

आधी पक्षी निवडा

नवशिक्यानं उगीच पाकोळ्यांच्या मागं लागू नये. त्या क्षणात इथं, क्षणात तिथं. आधी असा पक्षी घ्या, जो तुमच्या गच्चीवरून रोज दिसतो, आकारानं मोठा आहे आणि एका चालीनं उडतो.

पहिला मान घारीचा. गावाच्या बाजारावर, मच्छीबाजारावर, कचराकुंडीवर घार हटकून असते. शेपटीला मध्ये थोडी खाच असते, त्यावरून ओळखावी. सकाळी ऊन चढून जमीन तापली की गरम हवा वर जाऊ लागते आणि तिच्या आधारानं घार पंख न हलवता गोल गोल वर चढते. साधारण नऊ-दहानंतर गच्चीवर पापड घालायला गेलात की वर पाहा, दिसेलच. मागं मोकळं आकाश आणि पुढं गडद पक्षी, यापेक्षा सोपं काही नाही.

दुसरा मान गायबगळ्याचा. गाईम्हशींच्या पायांत किडे टिपत फिरणारा, पिवळ्या चोचीचा तो पांढरा बगळा. हे बगळे ठरलेल्या झाडांवर रात्रीचा मुक्काम करतात. सकाळी तिथून निघतात आणि संध्याकाळी परततात. वाट आणि वेळ दोन्ही बहुधा ठरलेली असतात. दोन-तीन संध्याकाळ नुसतं पाहिलंत तर कुठल्या झाडाच्या पुढून जातात ते तुम्हाला पाठ होईल. कावळाही चालेल, पण तो गडद असल्यामुळं मागं आकाशच हवं. चिंचेच्या झाडापुढं कावळ्याचं जोडचित्र करायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

म्हणजे सूत्र असं: गडद पक्षी असेल तर मागं उजळ आकाश, पांढरा पक्षी असेल तर मागं गर्द झाडी. ही जोडी जमली की निम्मं काम झालं.

सामान काय लागतं?

घरात हौसेनं घेतलेला आणि आता कपाटात पडून असलेला कॅमेरा असेल तर तो काढा. नसेल तर मोबाइल आहेच. त्याशिवाय एक ट्रायपॉड. तोही नसला तर कठड्याच्या आतल्या बाजूला स्टूल ठेवा, त्यावर तांदळाची किंवा वाळूची छोटी पिशवी आणि तिच्या खळग्यात कॅमेरा. पिशवी कॅमेऱ्याला छान धरून ठेवते. कॅमेरा जरासुद्धा हलता कामा नये, एवढंच बघायचं.

मोबाइलची एक अडचण आधीच सांगते. त्याची नजर फार रुंद असते, त्यामुळं दूरचा बगळा डासाएवढा येतो. दोन-तीन पट झूम करा आणि जवळून जाणारे पक्षी निवडा. घारीच्या चित्रात पक्षी लहान आले तरी शोभून दिसतात. बगळ्याच्या चित्रात तसं चालत नाही.

आता चार गोष्टी पक्क्या करायच्या.

एक, उजेड. कॅमेरा ‘मॅन्युअल’वर ठेवा, म्हणजे तो दर फोटोला आपल्या मनानं उजेड कमी-जास्त करणार नाही. पांढऱ्या बगळ्यासाठी झाडी थोडी काळपट येईल इतका उजेड कमी ठेवा, नाही तर बगळ्याचा कापसाचा गोळा होतो आणि एक पीस दिसत नाही.

दोन, फोकस. जिथून पक्षी जाणार त्या अंतरावरच्या झाडावर किंवा खांबावर फोकस करून तो तसाच ठेवून द्या. मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनांत फोकस आणि उजेड दोन्ही कायम होतात.

तीन, शटरचा वेग. पंखाचं टोक फार जोरात हलतं. सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवा. दोन हजारावा भाग मिळाला तर उत्तम. त्याला भरपूर ऊन लागतं, म्हणून दिवेलागणीच्या वेळी हा उद्योग करू नये. सूर्य बराच वर असतानाच परतणारे किंवा सकाळी उशिरा निघणारे बगळे गाठावेत.

चार, रंगाचा तोल. कॅमेऱ्यात त्याला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. तो ‘ऑटो’वर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवा, म्हणजे सगळ्या फोटोंत हिरवा तोच हिरवा राहील.

सूर्याच्या अंगावर कॅमेरा रोखू नका. डोळ्यांनाही इजा आणि कॅमेऱ्यालाही. आणि हो, डोळा कॅमेऱ्याला लावून मागं सरकत जाऊ नका. गच्चीचा कठडा बुटका असेल तर बसूनच काम करा. शेजाऱ्यांच्या खिडक्या चौकटीत येणार नाहीत, इकडंही लक्ष असू द्या. कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलेली बाई आधीच चारजणींच्या चर्चेचा विषय होते, त्यात भर नको!

ठिपके किती अंतरावर?

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके फार जवळ पडले तर रेघा एकमेकींत मिसळतात आणि फार लांब पडले तर आकार कळत नाही. इथंही तेच. पक्ष्यांच्या छबी किती अंतरावर पडतील याचा हिशेब आधी करून ठेवावा. अगदी बाजारहाटाचा हिशेब आहे, घाबरू नका.

समजा, बगळा सेकंदाला दहा मीटर जातो. कॅमेरा सेकंदाला दहा फोटो घेतो. म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये बगळा एक मीटर सरकला. गायबगळा चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण अर्धा मीटर असतो. तेव्हा प्रत्येक फोटो घेतला तर छबी एकमेकींना लागणार नाहीत, पण थोडी दाटी होईल. एकाआड एक फोटो घेतला तर अंतर दोन मीटर पडेल आणि चित्र मोकळं दिसेल. चौकटीत वीस मीटर रुंदीचं दृश्य मावत असेल तर बगळा दोन सेकंदांत पार होतो. एकूण वीस फोटो. एकाआड एक म्हणजे दहा. त्यातला कडेला अर्धा कापला गेलेला सोडला की राहिले नऊ. भाचीच्या फोटोतले नऊ बगळे असेच आले असणार.

इथं एक गंमत होते. कधी कधी सगळ्या छबींत पंख एकाच स्थितीत येतात, सगळे वर किंवा सगळे खाली. पक्षी जणू लाकडाचा! कारण असं, की तुम्ही जितक्या वेळानं फोटो निवडलात, तितक्याच वेळात त्याची पंखांची एक फडफड पुरी होते. मग एकाआड एक न घेता दोन सोडून तिसरा घ्या. अंतर मात्र सगळीकडे सारखंच ठेवा. कुठं एक सोडला, कुठं तीन सोडले असं केलंत तर पक्षी मध्येच दचकून धावल्यासारखा दिसतो, आणि ते खरंही नसतं.

बार्सिलोनाचे शावी बोऊ नावाचे छायाचित्रकार याच्या अगदी उलट करतात. ते छबी इतक्या जवळ जवळ ठेवतात की पक्षी दिसेनासा होतो आणि आकाशात वेलबुट्टीसारखी वळणं उरतात. सुंदर दिसतं, पण ते पुढच्या यत्तेचं काम. आपण आधी पक्षी ओळखू येईल असं करू.

घारीचा हिशेब निराळा. तिला एक गिरकी पुरी करायला साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात, म्हणून सेकंदाला एक छबी पुरे. वारा तिला हळूहळू एका बाजूला नेतो, त्यामुळं गिरक्या एकमेकींवर न पडता स्प्रिंगसारख्या उलगडत जातात.

फोनमध्ये लागोपाठ फोटो नीट येत नसतील तर व्हिडिओ घ्या. ‘फोर-के’ व्हिडिओ बहुधा सेकंदाला तीस चित्रांचा असतो; प्रत्येक तिसरं चित्र घेतलं की सेकंदाला दहा झाले. अशा एका चित्राची रुंदी ३८४० ठिपके असते, म्हणजे बारा इंच रुंदीचा फोटो चांगला छापून मिळतो. बटन आधीच दाबून हात बाजूला घेता येतो, त्यामुळं कॅमेरा हलत नाही, हा आणखी एक फायदा. उणीव एवढीच, की ऊन कमी असेल तर पंख पुसट येतात. व्हिडिओतून चित्रं काढायला ‘व्हीएलसी’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. ‘ई’ हे बटन दाबलं की चित्र एक एक पुढं सरकतं. हवं तिथं ‘टेक स्नॅपशॉट’ म्हणायचं.

आता जोडायचं

कॉम्प्युटरवर ‘गिंप’ नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. मुलांकडून बसवून घ्या, मात्र काम स्वतः करा. ‘जरा दे, मी पटकन करून देतो’ म्हणतील, तिकडं लक्ष देऊ नका!

निवडलेले नऊ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फोटोंना हात लावू नका, प्रतींवरच काम करा. कॉम्प्युटर जुना असेल तर सगळ्या प्रती सारख्याच प्रमाणात लहान करून घ्या, नाही तर तो धापा टाकायला लागतो.

‘फाइल’मध्ये जाऊन ‘ओपन ॲज लेयर्स’ म्हणा आणि नऊच्या नऊ फोटो एकदम उघडा. उजव्या बाजूला त्यांची चळत दिसेल. लेयर म्हणजे थर. सगळ्यात खालचा थर आहे तसा राहू द्या. वरच्या प्रत्येक थरावर बोट ठेवून ‘मोड’ या खिडकीत आकाशापुढच्या घारीसाठी ‘डार्कन ओन्ली’ निवडा, झाडीपुढच्या बगळ्यासाठी ‘लायटन ओन्ली’. पहिल्याचा अर्थ, दोन थरांत जो ठिपका अधिक गडद असेल तोच दाखव. दुसऱ्याचा अर्थ, जो अधिक उजळ असेल तो दाखव. एक एक थर बदलत जाल तसतसा एक एक पक्षी आकाशात प्रकट होत जातो. पहिल्यांदा हे पाहताना फार मजा येते.

मारे यांची काळी पार्श्वभूमी आठवली ना? तेच हे.

मोबाइलवरच करायचं असेल तर ‘स्नॅपसीड’मध्ये ‘डबल एक्स्पोजर’ आहे. त्यातही गडद आणि उजळ असे दोन्ही पर्याय आहेत. एका वेळी एकच फोटो वर घालता येतो, म्हणून वेळ लागतो. पण तीन-चार छबींच्या चित्राला पुरतं.

काही बिघडलं तर कारण बहुधा पुढीलपैकी असतं. झाडाच्या फांद्या दुहेरी दिसतात, म्हणजे कॅमेरा हलला. ढगांचे पट्टे पडले, म्हणजे ढग वाहत होते; निरभ्र दिवस निवडा. पानं धुरकट दिसतात, म्हणजे वारा होता. पक्षी फिका, आरपार दिसतो, म्हणजे मागची वस्तू त्याच्याहून गडद किंवा उजळ आहे. अशा ठिकाणी ‘लेयर मास्क’ वापरावा लागतो. मास्क म्हणजे थरावर घातलेलं झाकण. पांढरं ठेवाल तिथला थर दिसतो, काळ्या ब्रशनं रंगवाल तिथला लपतो. ज्या थराला मास्क लावाल त्याचा मोड पुन्हा ‘नॉर्मल’ करा, पक्षी आणि त्याच्याभोवतीचं थोडं आकाश पांढरं ठेवा, बाकी सगळं काळं. कडा मऊ ब्रशनं रंगवल्या की जोड दिसत नाही. पण सांगू का? पहिले महिनाभर मास्कच्या वाटेला जाऊच नका. पार्श्वभूमी नीट निवडली तर त्याची गरज क्वचितच पडते.

आता तो तिसरा प्रश्न

ही फसवणूक आहे का? मला विचाराल तर प्रत्येक पक्षी जिथं होता तिथंच आणि जेवढा होता तेवढाच राहिला, तर नाही. अशा चित्रात खोटं काही नसतं. दोन सेकंदांत जे घडलं ते एका वेळी पाहायला मिळतं, एवढंच. पण एकदा थर हाताळायला जमू लागले की हात शिवशिवतात. हा बगळा जरा वर घेतला तर? तो पंख चांगला आलाय, त्याचीच आणखी एक प्रत इथं लावली तर? कालच्या मावळतीचं आकाश मागं घातलं तर? असं केलंत की चित्र सजावटीचं झालं. सजावट करू नये असं नाही, दिवाळीच्या भेटकार्डाला जरूर करा, पण त्याला बगळ्याचं उड्डाण म्हणू नका.

आणि फोटो दुसऱ्याला पाठवताना खाली लिहा: ‘एकच गायबगळा, नऊ छबी, सुमारे दोन सेकंद.’ तारीख आणि गाव लिहिलंत तर आणखी चांगलं. हे न लिहिता व्हॉट्सॲपवर सोडलात तर दोन दिवसांत तो ‘आमच्या तळ्यावर बगळ्यांचे थवे’ होऊन तुमच्याकडेच परत येईल. पक्ष्यांची मोजदाद करणारी मंडळी असे फोटो खरे धरून बसली तर एकाचे नऊ होतील. स्पर्धेला पाठवायचा असेल तर नियम आधी वाचा. निसर्गचित्रांच्या अनेक स्पर्धांत जोडचित्रं चालत नाहीत.

फसवणुकीपेक्षाही मोठी चूक आणखी एक आहे. पक्षी उडताना हवा, म्हणून त्याला उडवायचं! पाणथळीवर जाऊन पाहा. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चोच उलटी घालून शांतपणे खात असतात. उडायचं झालं की त्यांना आधी पाण्यावरून धावत जावं लागतं आणि ती धाव जोडचित्रात फार सुरेख दिसते. त्या मोहापायी कुणी टाळ्या वाजवतं, कुणी नावाड्याला ‘अजून जवळ घे’ म्हणतं. एक नाव जाते, दुसरी येते. खाऊन अंगात साठवलेली शक्ती आपल्या फोटोसाठी त्या पक्ष्यांनी पुन्हा पुन्हा का खर्चावी? भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर जा, किंवा ठाण्याच्या खाडीवर जा. ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ साली रामसर यादीत आली. तिथं गेलात तर नावाड्याला निघण्यापूर्वीच सांगा, ‘दादा, लांबूनच दाखवा. ते आपणहून उडाले तर फोटो घेऊ.’ पैसे देणारी बाई असं म्हणाली की नावाडी ऐकतो.

लाँचमधून जाताना कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या फेकायचा प्रकारही तसाच. ते तळलेलं, खारट खाणं त्यांच्यासाठी नव्हे. शिवाय हलत्या लाँचवरून जोडचित्र जमतही नाही, कारण मागचं सगळंच हलत असतं.

घरट्याच्या जवळ तर कॅमेरा नेऊच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेदेखील शिकारीतच धरलं आहे. कायदा राहू द्या, घाबरलेली मादी अंड्यांवरून उठली की ऊन आणि कावळे आपलं काम करतात, हे कुठल्याही आईला सांगावं लागू नये.

म्हणून गच्चीवरचा बगळा आणि घारच बरी. ती त्यांच्या वाटेनं जातात, आपण आपल्या जागी बसतो.

चित्रात काय पाहाल?

जोडचित्र झालं की ते नुसतं छान म्हणून बाजूला ठेवू नका. त्याच्याकडे निवांत पाहा, कारण रोज पाहिलेलं असून न पाहिलेलं बरंच त्यात सापडतं.

पंख खाली येताना पाहा. तो सरळ खाली येत नाही, खाली आणि पुढं येतो. वर जाताना तो थोडा मिटतो, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो. पंख खाली येताना शरीर किंचित वर उचललं जातं, वर जाताना किंचित खाली बसतं. नऊ शरीरांवरून बोट फिरवलंत तर हलकी लाट लागते. बगळ्याची मान पाहा. उडताना तो ती दुमडून खांद्यात घेतो. करकोचा, शराटी आणि रोहित मात्र मान लांब ताणून उडतात. एवढ्या एका खुणेवरून लांबच्या आकाशातला पक्षी ओळखता येतो. घारीच्या गिरकीत शेपटीकडे लक्ष द्या. ती सुकाणूसारखी एकदा इकडे, एकदा तिकडे कलते. कावळ्याच्या पंखांची टोकं हाताच्या बोटांसारखी फाकलेली दिसतील.

घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांना हे चित्र दाखवून नुसतं विचारा, ‘कुठल्या बाजूला उडतोय सांग बरं?’ मग बघा, वाद कसा रंगतो.

या आठवड्यापुरतं एवढंच करा. पहिले तीन दिवस कॅमेरा न घेता गच्चीवर जा आणि कोण, केव्हा, कुठून जातं ते कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. चौथ्या दिवशी ऊन चांगलं असताना घारीचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. रविवारी त्यातली पाच चित्रं काढून जोडा. नऊचा हट्ट पहिल्याच खेपेला नको. वाळवण राखायला, कपडे काढायला आपण तसंही गच्चीवर जातोच; त्यात दहा मिनिटं वाढली तर घर काही कोसळत नाही. ‘वर एवढा वेळ काय करत होतीस?’ असं कुणी विचारलंच, तर चित्र पुढं करा.

जमलं तर फोटो जरूर पाठवा, मात्र त्याखाली पक्षी एकच की अनेक, ते न विसरता लिहा.